पाठ फिरवणारी सिस्टर

मिरकरवाड्याच्या मासळी बाजारात दवाखान्यातली ही सिस्टर भेटली की माझ्या पिशवीतला बांगडा परत टोपलीत टाकते आणि दुसऱ्याचे कल्ले उघडून म्हणते, “हा घे हां.”

मी गर्भपात करून घेतला त्या दिवशी मात्र तिने दवाखान्यात, पुन्हा दिवस राहू नयेत म्हणून, गोळ्या, इंजेक्शन, तांबी समोर मांडली, एकेक समजावलं आणि चक्क पाठ फिरवली.

“तुम्हीच सांगा ना,” मी म्हटलं.

“बांगडा असता तर सांगितलं असतं. हे तुझ्या अंगात जायचं हां.”

मी तांबीचं पाकीट उचललं, ठेवलं. नवरा मुंबईला, गणपती-शिमग्यापुरता येणार, मग रोज गोळ्या कशाला?

सासूबाई दारातून डोकावल्या. “झालं काय?”

“बाहेर थांबा,” सिस्टर न वळता म्हणाली. “ती विचार करतेय.”

मला तर काहीच सुचत नव्हतं. पण सासूबाई थांबल्या.