न्हाणीतला तीन चाव्यांचा नळ

आमच्या जिंतूरच्या घरात न्हाणीच्या भिंतीवर एक जुना पितळी नळ आहे. त्याला तीन चाव्या. डावी गरम पाण्याची, उजवी गार पाण्याची, आणि पाणी वर फवाऱ्याला पाठवायचं की खाली बादलीत सोडायचं, ते मधली ठरवते. दुकानदार ह्या प्रकाराला मिक्सर म्हणतात. गेल्या वर्षी मी ‘जुन्या मिक्सरचं सामान आहे का’ असं विचारत दुकानं पालथी घालत होते, तेव्हा एकाने माझ्यापुढे चटणीच्या भांड्याचं पातं ठेवलं. आणि वर मलाच म्हणाला, बाई, नीट सांगत जा.

बाकीचे दुकानदार एवढेही मजेशीर नव्हते. ते सरळ नवा नळ दाखवायचे. चकचकीत, एका दांडीचा. मी नको म्हटलं की माझ्याकडे असे बघायचे की ही बाई एक तर कंजूष आहे, नाही तर रिकामटेकडी. मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करते, लग्न केलेलं नाही, आणि वडिलांना सांभाळते. रिकामटेकडी तर नक्कीच नाही.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. काचबिंदूने ते आंधळे झाले. आंधळे हा शब्द पुण्यातल्या माझ्या भावाला खपत नाही, तो ‘अण्णांना कमी दिसतं’ म्हणतो. कमी काय, काहीच दिसत नाही. जन्मभर भिक्षुकी केलेला माणूस. चारठाण्यापासून बोरीपर्यंत किती घरांतली लग्नं, मुंजी, वास्तुशांती त्यांच्या हातून झाल्या. आधी पोथी गेली, मग सायकल गेली, मग यजमानही दुसऱ्या गुरुजींकडे गेले. उरली ती सकाळची आंघोळ आणि तिच्यानंतरची घरच्या देवांची पूजा.

ह्या दोन गोष्टी ते कुणाच्या मदतीशिवाय करत. आंघोळ झाली की मुकटा, म्हणजे सोवळ्याचं रेशमी वस्त्र, नेसायचा आणि भिंतीला हाताची पाठ लावत देवघरापर्यंत यायचं. पूजा संपेपर्यंत त्यांना कुणी शिवायचं नाही. शिवलं की सोवळं मोडलं, आणि सोवळं मोडलं की पूजा नाही. म्हणजे ज्या दिवशी त्यांना दुसऱ्या कुणी आंघोळ घालायची वेळ येईल, त्या दिवशी पूजाही त्यांच्या हातून जाणार. मग हा माणूस सकाळी उठेल कशासाठी, हा प्रश्न मला रोज छळायचा.

तो जुना नळ त्यांच्या बोटांना पाठ होता. गरमाची चावी कुठवर फिरवायची, गाराची कुठे थांबवायची, मधली कशी वळवायची, सगळं. डोळे गेले तेव्हा घरातल्या प्रत्येक वस्तूने त्यांना कधी ना कधी दगा दिला. उंबरा लागला, खुंटी लागली, माठ फुटला. नळाने मात्र कधी काही केलं नाही.

मध्यंतरी भाऊ त्यांना पुण्याला घेऊन गेला होता. त्याच्या फ्लॅटमध्ये तो एका दांडीचा नळ. दांडी उचलली की पाणी, इकडे वळवली की गरम, तिकडे वळवली की गार. डोळस माणसाला सोयच आहे ती. अण्णांनी दांडी उचलली ती नेमकी गरमाकडे वळलेली होती. खांदा भाजला. आरडाओरडा ऐकून भाऊ आत धावला आणि पुढची आंघोळ त्यानेच घातली, अगदी प्रेमाने, लहान मुलाला घालावी तशी. त्या दिवशी अण्णांनी पूजा केली नाही आणि जेवलेही नाहीत. मला फोनवर एवढंच म्हणाले, “मला घरी नेऊन सोड.”

म्हणून आमच्या नळाची गाराची चावी ठिबकायला लागली तेव्हा मी सामान शोधत दुकानोदुकानी फिरायला लागले. आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही. येईल तेव्हा अंगणातला हौद भरून घ्यायचा आणि मोटरीने वरच्या टाकीत चढवायचं. नळ रात्रभर ठिबकला की सकाळी टाकी कोरडी. अण्णा चावी फिरवायचे आणि आतून नुसता वाऱ्याचा आवाज यायचा. ते न्हाणीतूनच विचारायचे, “पाणी संपलं का गं?” त्या आवाजाने मला रडू यायचं. भाऊ म्हणाला, भंगारात टाक तो, नवा बसव. मी फोन ठेवून दिला.

दोन प्लंबर येऊन गेले आणि तेही हेच सांगून गेले. शेवटी बोरीचे एक म्हातारे प्लंबर सापडले. आई असताना आमच्या घरची नळाची कामं तेच करायचे. आईला जाऊन आता बरीच वर्षं झाली. तेही मधल्या काळात मुलाकडे कुठे कुठे राहून पुन्हा बोरीला आले होते. मोटारसायकलवर मुलाच्या मागे बसून आले, अण्णांना वाकून नमस्कार केला आणि नळापुढे पाट टाकून बसले.

पाणी बंद केलेलं, त्यामुळे अण्णांची आंघोळ राहिलेली. ते न्हाणीच्या दाराशी खुर्ची टाकून बसले. काम बघता येत नव्हतं तर निदान ऐकावं म्हणून.

“काय करायलेत?” ते मला विचारायचे, आणि मी सांगायचे. पान्ह्याला फडकं गुंडाळलं. सांध्यात रॉकेल सोडलं. चावी निघाली. खाऱ्या पाण्याचा पांढरा थर खरवडतायत. अण्णा खुशीत होते. “आमचा नळ म्हणजे नळ आहे,” ते प्लंबरना म्हणाले. “सुरुवातीला काही वर्षं लय त्रास दिला त्यानं. मग जो सुधारला, तो पुन्हा हात म्हणून लावावा लागला न्हाई.”

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले होते. यजमान घरी जेवायला आले की अण्णा नळाची ही स्तुती करायचेच.

इतक्यात गाराच्या चावीचा दांडा बाहेर आला. प्लंबरनी त्याच्या टोकाचं काळं पडलेलं वायसर, पाणी अडवणारी ती चकती, नखाने काढलं आणि ते कौतुकाने बघत म्हणाले, “ह्ये बघा ताई. आतली बैठक खरबडीत झाली हाय खाऱ्या पान्यानं. तिच्यावर रबराचं वायसर टिकत न्हाई, कापून जातंय. चामड्याचं हाय, म्हून तर इतकी वर्सं चाललं.”

मी जागच्या जागी गार झाले. ज्यांना सोवळ्याचे संस्कार नाहीत त्यांना हे कळायचं नाही. जुन्या वळणाची माणसं नळाचं पाणीच घेत नसत, ते ह्याच कारणासाठी. पाणी चामड्याला लागून येतं, म्हणजे ते विटाळलेलं. अण्णांनी घरात नळ घेतला तोच ह्या अटीवर, की आत सगळं रबर असेल. नळ बसवताना त्यांनी वायसर हातात घेऊन, वास घेऊन पाहिलं होतं, असं आई हसून सांगायची.

“काय म्हणालात?” अण्णांनी विचारलं.

“चामड्याचं गुरुजी. मीच बसवलं होतं, काकूंनी सांगितलं म्हून…” बोलता बोलता त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि ते थांबले.

“पुढं सांगा,” अण्णा म्हणाले.

त्या बिचाऱ्यांना पळायला वाट नव्हती. खाली मान घालून सांगू लागले. “रबराचं लय बेजार करायचं, गुरुजी. सारखं फाटायचं. टाकी रिकामी झाली की काकू हौदातून बादल्या आनायच्या. त्यांचे गुडघे तवाच गेले होते. मीच म्हनलो, चामड्याचं टिकंल, पर गुरुजींला चालंल का? तर म्हनल्या, न्हाई चालायचं, म्हनून त्यांना सांगू नका. पाप लागलं तर मला लागू द्या.”

मला त्या बादल्या आठवतात. अण्णांच्या आंघोळीचं पाणीही सोवळ्यात काढलेलं लागायचं. आई आधी स्वतः गार पाण्याने न्हायची आणि ओल्या लुगड्यानिशी हौदावर जायची. मी झोपेत तिला जाऊन बिलगले तर तिला पुन्हा न्हावं लागायचं, म्हणून ती मला लांबूनच हाताने थांबवायची. थंडीतसुद्धा. उशीर झाला तर अण्णा ओरडत नसत. त्यांच्या रागाला आवाज नव्हता. दुपारी भरल्या ताटावरून न बोलता उठून जायचे, आणि मग संध्याकाळपर्यंत घरात कुणी मोठ्याने श्वाससुद्धा घेत नसे. आई ते ताट तसंच झाकून ठेवायची आणि तीही जेवायची नाही.

मग नळ सुधारला. अण्णा पाहुण्यांपुढे त्याचं कौतुक करू लागले. आई तेव्हा तिथेच वाढत असणार. तिचा त्या वेळचा चेहरा आठवायचा मी फार प्रयत्न केला आहे. आठवत नाही. मी कधी तिच्याकडे पाहिलंच नसेल.

“द्या इकडं,” अण्णांनी हात पुढे केला. प्लंबरनी ते वायसर त्यांच्या तळहातावर ठेवलं. अण्णांनी ते अंगठ्याने चोळलं, उलटं केलं, पुन्हा चोळलं. चामड्याची कुठली गोष्ट त्यांनी जाणूनबुजून हातात घेतल्याचं मला आठवत नाही. मी मनाशी म्हटलं, संपलं. आता हा नळ भिंतीतून उखडायला सांगतील, आणि त्याच्याबरोबर आंघोळही गेली नि पूजाही गेली. मला त्या म्हाताऱ्या प्लंबरांचा राग आला. खरं तर आईचाही आला. मरताना तरी सांगून जायचं होतं, किंवा मग कधीच कळू द्यायचं नव्हतं.

“रबराचं बी आनलंय, गुरुजी,” प्लंबर हळूच म्हणाले. “ते लावतो. मधून मधून येऊन बदलत जाईन.”

“नको. चामड्याचंच बसवा.”

“पर गुरुजी…”

“ती काही खुळी नव्हती. बसवा.”

त्यांनी चामड्याचं नवं वायसर कापून बसवलं, चाव्या जागेवर लावल्या, पाणी सोडलं. थेंबसुद्धा गळत नव्हता. ते चहा न घेताच निघाले. मी आग्रह केला नाही.

अण्णा आंघोळीला गेले. मी बाहेर उभी राहून ऐकत होते. गरमाची चावी, गाराची चावी, मग वरून फवारा. सगळं रोजच्यासारखं. मी इतकी हरखले, की बाकीचं सगळं विसरून नवा नळ दाखवणाऱ्या दुकानदारांना आणि भावाला मनातल्या मनात टोमणे मारत बसले. आंघोळ वाचली, पूजा वाचली, असं मी धरून चालले.

ते मुकटा नेसून आले आणि देवापुढच्या पाटावर बसले. फुलं, गंध, पाणी मी लांबून ठेवलं होतं. मी नेहमीप्रमाणे देवघराच्या दाराबाहेर उभी राहिले. त्यांनी पळी हातात घेतली नाही.

“ती मला भीत होती का गं?” त्यांनी विचारलं.

नाही म्हणणं सोपं होतं. ह्या वयाच्या, डोळे गेलेल्या माणसाला खरं सांगून मला काय मिळणार होतं? पण आईने इतकी वर्षं तोंड मिटून काढली होती, आणि मला एकाएकी तिची फार कीव आली.

“हो,” मी म्हणाले.

“फार?”

“तुम्ही ताटावरून उठू नये म्हणून ती काय काय करायची, ते तुम्हाला माहीत न्हाई, अण्णा.”

त्यांनी मान हलवली. रस्त्यावरून भाजीवाला ओरडत गेला.

“आणि तू?”

“लहानपणी भीत होते. आता न्हाई.”

“आता मला दिसत न्हाई, म्हणून,” ते म्हणाले.

तसं नाही, असं मला लगेच म्हणायला हवं होतं. मी शब्द शोधत राहिले, आणि तेवढ्या वेळात त्यांना उत्तर मिळालं. ते जमिनीला हात टेकून पाटावरून बाजूला सरकले.

“ये. तू कर आज. तुझी आंघोळ झाली का, ते मी विचारत न्हाई.”

तेव्हापासून आमच्या घरची पूजा मी करते. अण्णा रोज सकाळी स्वतःच्या हाताने आंघोळ करतात, नळ उत्तम चालतो, आणि ते येऊन माझ्यामागे भिंतीला टेकून बसतात. मला पूजेतलं धड काही येत नाही. अर्धे मंत्र मला कानावर पडून येतात, तेही मोडके. मंत्रातली एक मात्रा चुकली तरी बरोबरीच्या गुरुजीला भर मांडवात थांबवणारा हा माणूस. त्या पहिल्या दिवशी देव ताम्हनात घेऊन मी प्रत्येक ओळीला थबकत होते, ते मागून दुरुस्त करतील म्हणून. मी कितीदा तरी चुकले. त्यांनी एकदाही टोकलं नाही.