गजराबाईची न छापलेली बातमी

आमच्या जुन्नरच्या साप्ताहिकात लोक पहिलं पान सोडून आधी निधन वार्ता वाचायचे. एकदा आम्ही एका दशक्रियेची तारीख चुकवली आणि पाहुणे दुसऱ्या दिवशी रिकाम्या घाटावर जाऊन बसले. संपादक म्हणून मी तेव्हा खाल्लेल्या शिव्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत. त्यानंतर, सत्त्याण्णव साली, मी बोरी बुद्रुकच्या कुशाबाला कामावर घेतलं. काम एकच: आलेली प्रत्येक निधन वार्ता खरी आहे का, ते बघायचं.

तो घरी जाऊनच बघायचा. एसटीनं, नाहीतर कुणाच्या तरी दुधाच्या गाडीतून. "मेलेल्या मानसाला चूक सुदरायला येता येत न्हाई, भाऊ," म्हणायचा. भारी हेकट. त्याच्या होकाराशिवाय मी सरपंचाच्या चुलत्यालासुद्धा मारू शकत नव्हतो.

पुढच्या वर्षी डिंगोऱ्याहून बहिरू नावाचा शेतकरी आई गेल्याची बातमी घेऊन आला. आईचं नाव गजराबाई. कुशाबा तिथं पोचला तर गजराबाई ओट्यावर बसून हुलगे निवडत होती. तिच्या डोक्याला कावळा शिवला होता. आमच्याकडे तो मरणाचा सांगावा समजतात, आणि त्यावर तोडगा असा, की नातेवाइकांना माणूस गेल्याचं खोटंच कळवायचं. ते रडले की मरण टळतं, मग खरं सांगून टाकायचं. म्हातारीचा भाऊ घोडेगावच्या वर डोंगरात राहायचा. तिथं फोन नव्हता, पण आमचा अंक एसटीनं जायचा.

"छाप की बाबा," गजराबाई म्हणाली. "माजा भाऊ रडंल, मी जगंन. तुजं काय जातंय?"

"खोटं छापायचं न्हाई, आज्जी," कुशाबा म्हणाला. तिनं दिलेला चहा प्याला आणि परत येऊन बातमी खोडली. मला त्याचा अभिमान वाटला. कावळ्यांच्या नादी लागलो तर दर आठवड्याला निम्मा तालुका मारावा लागेल, असंही मी म्हणालो.

आठवडा उलटायच्या आत बहिरू पुन्हा दारात उभा. आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही.

"आता छापा," म्हणाला. "आता खरं हाय."

तेव्हापासून गजराबाईनं कुशाबाला सोडलं नाही. कुठंही मयताच्या तोंडावरचं कापड सारलं की खाली तीच दिसती, म्हणायचा. ओट्यावर कुणी बाई धान्य निवडताना दिसली की वाट बदलायचा. म्हातारीचं वय झालं होतं, हृदयविकारानं गेली, हे मी त्याला कितीदा सांगितलं.

"आसंल," तो म्हणायचा. "पर छापलं आसतं तर जगली आसती का, ते कसं तपासायचं?"

काही वर्षांनी त्याच्या बायकोला, साळुबाईला, परसात भांडी घासताना कावळा शिवला. दुसऱ्या दिवशी कुशाबानं माझ्या टेबलावर चार ओळी ठेवल्या. साळुबाईचं निधन. त्याच सकाळी मी तिला बाजारात मेथी घेताना बघितलं होतं.

"तपासलंस?" मी विचारलं.

"तपासलं," तो म्हणाला आणि खाली बघत राहिला.

मी छापलं. कुशाबाची बातमी म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, कुणी शंकाही घेतली नाही. माहेरची माणसं ट्रॅक्टर भरून आली, वेशीपासूनच रडत. त्यांना चहा साळुबाईनं केला.

साळुबाई जगली, चांगली धडधाकट. कुशाबा मात्र कामावर यायचा बंद झाला. शेवटी मीच बोरीला गेलो. पडवीत बसला होता, निम्मा झालेला.

"अरे, बायको जगली, आता कशाचं दुःख?" मी विचारलं.

"जगली ना," तो हळू म्हणाला. "म्हंजी तोडगा खरा व्हता. गजराबाई म्याच मारली, भाऊ."

साळुबाई तशीही जगलीच असती, हे मी परोपरीनं सांगितलं. त्याचं लक्ष नव्हतं. आत ती भाकरी थापत होती, आणि प्रत्येक थापेला तो दचकत होता.