भावाची वाट
केळीच्या घडांच्या चिकाचा वास आला की मला ती दुपार आठवते. दोन्ही घरं मजुरीवर जगणारी, त्यांत बी.ए. झालेली मी पहिलीच. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ठरलेलं. पण नववा लागला तरी भावाला केळीकापणीतून सवड मिळाली नव्हती, आणि कळा सासरीच सुरू झाल्या. नवरा ट्रकवर परराज्यात गेलेला. भावाला फोन केल्यावर सासूबाई म्हणाल्या, “तुना भाऊ लेवाले यी ऱ्हायना, दम धर. इतली शिकेल शे, थोडी कळ सोसता येत नही का?” दवाखान्यात जायला उशीर करू नये हे मला पाठ होतं, पण तो टोमणा झोंबला. भाऊ न्यायला येतोय म्हणून मी ओठ दाबून ओसरीवर वाट बघत बसले. समोरून केळी भरलेले ट्रॅक्टर दवाखान्याच्याच रस्त्याने जात होते. एकालाही मी हात केला नाही. भाऊ दिवेलागणीला आला. आम्ही दवाखान्यात पोचलो तेव्हा बाळ पोटातच गेलं होतं. भाऊ बाहेर रडत होता, आणि मी आत एकटी पंख्याकडे बघत पडले होते. दुसऱ्या वेळी कुणालाच विचारलं नाही. पहिली कळ आली, तशी पिशवी उचलली, रस्त्यावर जाऊन ट्रॅक्टर थांबवला आणि घडांशेजारी बसले. लेक आता पहिलीत आहे.