घाईने गार केलेली कांडी

फुटबॉलची फायनल आमच्या शिवाजी पेठेची नसती, तर मी भट्टीपाशी बसलो असतो. संशोधन करत होतो खरा, पण पेठेतला माणूस त्या दिवशी प्रयोगशाळेत थांबणं शक्यच नव्हतं.

बिस्मथ, अँटिमनी आणि टेल्युरियम बंद नळीत वितळवायचं आणि दर तासाला हाताने बटण जरासं मागे फिरवत भट्टी दिवसभर निववायची, म्हणजे अणू आपापल्या जागी बसतात. त्या मिश्रधातूच्या कांडीचं एक टोक तापवलं की वीज निर्माण होते. माझ्या मार्गदर्शक सरांना ती कांडी दुसऱ्या दिवशी सकाळी मोजायला हवी होती. मी दुपारीच तापलेली नळी चिमट्याने उचलून पाण्याच्या बादलीत बुडवली आणि मैदान गाठलं. आम्ही जिंकलोही.

सकाळी कांडी मोजायला घेतली. कांडी तापवली की तिचा विजेला होणारा विरोध चांगला वाढायला हवा. तो जेमतेम हलत होता. कारण मला कळत होतं. वीज म्हणजे सायकल आणि अणू म्हणजे माणसं समजा: माणसं रांगेत उभी असली की सायकल मधून सुसाट जाते आणि ती चुळबुळायला लागली की अडते. इथे अणू आधीच वाटेल तिथे उभे होते, उष्णतेने आणखी काय अडणार?

सर मात्र आकडे बघून खूश. "लेका, हे नवीनच हाय की! पुढच्या आठवड्यात परिषदेत मांडतो."

आठ दिवस मला अन्न गोड लागलं नाही. भर सभेत कुणी सरांना विचारलं, कांडी गार कशी केली, तर? जायच्या आदल्या दिवशी मी त्यांच्या खोलीत गेलो. कसंबसं सगळं सांगितलं.

ते ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, "आजवर किती नळ्या अशा काढल्यास?"

"ही एकच, सर."

ते खरं होतं. सरांनी माझ्या दोन वर्षांच्या आलेखांचा गठ्ठा पुढे ओढला, पेन्सिल घेतली आणि पहिल्या आलेखावर प्रश्नचिन्ह काढलं. मग दुसऱ्यावर. मी समोर उभा होतो आणि माझ्याकडे शब्दाशिवाय दुसरा पुरावा नव्हता.