धवला मी म्हणणार नाही

आमच्या आगरी लग्नात भटजी येतो तो उशिरा. त्याच्या आधी मांडव, तेल, हळद, सगळं धवलारीण करते. म्हणजे लग्नाची गाणी, धवले, म्हणणारी बाई. इकडे सुकापुरात ते काम माझं. शाळेत मी गेले नाही, अक्षरं धाकट्या भावाच्या पाटीवरून उचलली, पण धवले सगळे तोंडपाठ.

त्या भावाला एकच मुलगी. बारशाला तिच्या कानात नाव मी सांगितलं, आत्याचा मानच तो. आता इंजिनीअर आहे, उलव्याला इमारतींच्या कामावर हेल्मेट घालून उभी असते. गेल्या वर्षी भावाने तिच्यासाठी गव्हाणचं स्थळ आणलं. मुलगा चांगला, माणसं चांगली. रविवारी सुपारी फुटणार होती. भाऊ मला म्हणाला, "बाय, आतापास्नं घसा सांभाळ."

शनिवारी दुपारी मी पडवीत जवळा निवडत बसले होते. पोर येऊन शेजारी बसली. हात सुपात, पण लक्ष कुठे तिचं.

म्हटलं, "काय गो, दुसरा कोन आवडलाय का? जातीबाहेरचा असला तरी सांग. तुझ्या बापाला मी बघते."

"दुसरा कुणी नाही, आत्या."

"मग यात काय खोट हाय?"

"त्याच्यात काही खोट नाही." मग माझ्या कानाशी आली आणि हळू म्हणाली, "मला मुलगा कुठलाच आवडत नाही. मुली आवडतात. कॉलेजात असल्यापासून माहीत आहे."

असं असतं हे मी टीव्हीवर ऐकलं होतं. पण टीव्ही वेगळा आणि आपली पडवी वेगळी. मी आपलं सगळ्या बायका म्हणतात तेच म्हटलं, "लगीन झालं का लागते गोडी."

"तुला लग्नानंतर लागली का?"

आता हिच्याशी खोटं काय बोलायचं? अंतरपाट धरलेला असताना मी मुंडावळ्यांतून नवऱ्याकडे चोरून बघितलं होतं. पाय कापत होते, आणि ते काही भीतीने नव्हे. तिला तसंच सांगितलं.

"तुला कुणी शिकवलं होतं?"

"शिकवायचंय काय त्यात? आपोआप झालं."

"मलाही आपोआपच होतं, आत्या. फक्त मुलगी बघून."

जवळा निवडता निवडता मला जुन्या हळदी आठवल्या. किती नवरीमुलींना हळद लावली मी. त्यांतल्या काहींचं अंग हाताखाली लाकडासारखं लागायचं. आम्ही बायका हसायचो, म्हणायचो, लाजते.

"बापाला तू सांगतेस का मी?" मी विचारलं.

"मीच सांगते. तू नुसती बस जवळ."

संध्याकाळी भाऊ आला. पोरीने त्याच्यासमोर उभं राहून सगळं सांगितलं. रडली नाही की मान खाली घातली नाही. भाऊ म्हणाला, "डॉक्टरला दाखवू."

"आजार नाही हा, बाबा. मी अशीच आहे."

तो माझ्याकडे वळला. "बाय, तू समजव हिला. सुपारी उद्याच फुटनार."

"फोड. पन या लग्नात धवला मी म्हननार नाय."

"नको म्हनू. डीजे हाय."

"लाव की. पोरीला तेल लावायला पन डीजेवाल्यालाच बोलव."

वहिनी पदर तोंडाला लावून आत गेली. हसत होती की रडत, मला अजून कळलेलं नाही. भाऊ बाहेर झोपाळ्यावर जाऊन बसला. बऱ्याच वेळाने त्याचा फोनवरचा आवाज ऐकू आला. "पोरीच्या मनात नाय. तुमच्या मुलात काय खोट नाय, पन उद्या येऊ नका." दोष त्याने कुणालाच दिला नाही. तेव्हा मला त्याचाही अभिमान वाटला.

परवा चुलत पुतण्याची हळद होती. माझा श्वास आता पुरत नाही, म्हणून पोरगी मागे बसून माझी ओळ झेलते. आवाज असा, की माझ्यापेक्षा चढाच म्हणा. मध्येच एका बाईने भावाला हटकलं, "दुसऱ्यांच्या हळदी गाते ती. तिची कवा?"

माझी ओळ तोंडातच राहिली. भाऊ पान लावत होता, त्याने मान वर केली नाही. म्हणाला, "तिला पुरुष नको हाय, मावशे. आता गप बस, गानं ऐकू दे."

माझी राहिलेली ओळ पोरीने उचलली होती.