गोदाकाठचा दात

आमच्या शाळेत खडू संपायचे, किस्से कधी संपले नाहीत. पाथरी तालुक्यात गोदावरीकाठी आमचं छोटं हायस्कूल. बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. मी मराठी शिकवायचे, विज्ञानाला वाघमारे सर होते. त्यांनी एकदा हैदराबादहून प्लास्टिकचे चार डायनासोर आणले, आणि तिथून पुढं स्टाफरूममध्ये दातांशिवाय विषय नाही.

*

खेळणी चार आणि वर्गात पोरं साठ. म्हणून सर गयाबाई कुंभारणीकडे गेले. पोळ्याचे मातीचे बैल सगळ्या गावाला तीच पुरवायची. सरांनी पुस्तकातलं चित्र दाखवून तसली डझनभर जनावरं करून मागितली. गयाबाईनं चित्र बराच वेळ निरखलं.

"गुर्जी, हे खातंय काय?"

सरांनी विचारलं, ते कशाला हवं?

"त्याबिगर दात कसे करू?"

दुसऱ्या दिवशी सरांनी धडा तिच्या प्रश्नापासूनच सुरू केला. मांस खाणाऱ्याचे दात सुरीसारखे, कडेला करवतीसारखे दाते. पाला खाणाऱ्याचे वेगळे, पाला ओरबाडायला किंवा चावायला सोयीचे. चारा भरडणाऱ्या हत्तीची दाढ तर आडव्या वळ्यांची, ती सरांनी फळ्यावर काढून दाखवली.

*

पालकसभेला मारोतराव आले होते. बैलबाजारातला जाणता माणूस. जबडा उघडून दोन दाती, चार दाती सांगायचा आणि बैलाचं वय कधी चुकायचं नाही. सरांनी मोठ्या हौसेनं सांगितलं, की डायनासोरचे दात जन्मभर पडायचे आणि त्या जागी नवे यायचे. मारोतराव विचारात पडले. मग वय कसं ओळखायचं, म्हणाले. सरांनी सरळ कबूल केलं, दातांवरून नाही सांगता येणार.

"मंग असलं जनावर बाजारातून घेऊच न्हाई," मारोतरावांनी निकाल दिला.

*

हीच माहिती स्टाफरूममध्ये निघाली तेव्हा चित्रकलेचे काझी सर शेव खात होते. नवी कवळी लागत होती म्हणून ती काढून रुमालावर ठेवलेली.

"सरड्याच्या खानदानावर एवढी मेहेरबानी," ते म्हणाले, "आणि ड्रॉइंग मास्तरला फक्त दोन सेट."

*

सातवीतल्या सुमनला नदीवर धुणं धुताना वाळूत एक दगड सापडला. विटेएवढा, जड, वर आडव्या वळ्या. गावभर बोभाटा झाला, डायनासोरचा दात सापडला म्हणून. हेडमास्तरांनी लगेच शिक्षण खात्यातल्या एका साहेबांना बोलावलं, मांडव घातला. साहेब यायचे त्या सकाळी वाघमारे सरांनी दात नीट पाहिला आणि हळूच सांगितलं, हा फार जुन्या काळच्या हत्तीचा आहे. हेडमास्तर घामाघूम झाले. आजच्या दिवस डायनासोरच म्हणा, अशी गळ घालू लागले. ज्या पोरीला सापडला तीच सांगेल, एवढं म्हणून सर बाजूला झाले.

सुमनचा बाप, सखाराम, मजुरी करायचा. सातवी झाली की पोरगी घरी बसवणार, असं तो आम्हाला आधीच सांगून गेला होता. त्या दिवशी मांडवात अगदी मागं उभा होता.

सुमननं दात दोन्ही हातांनी उचलला.

"साहेब, हा डायनासोरचा न्हाई. ह्या वळ्या चारा भरडायच्या हायेत. हा हत्तीचा हाय. आपल्या नदीवर हत्ती पाणी प्यायला येत व्हते."

हेडमास्तरांनी डोळेच मिटले. साहेबांनी दात मागून घेतला, वळ्यांवरून बोट फिरवलं आणि तिला विचारलं, तुला कुणी सांगितलं?

"कुणी न्हाई. दात बघितले की कळतंय."

कार्यक्रम संपल्यावर साहेबांनी तो दात सुमनच्याच हातात दिला. ती तो घरी घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी घंटेच्या आधीच सखाराम शाळेच्या दारात उभा. एका हातात धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला दात, दुसऱ्या हातात सुमनचं मनगट.

"गुर्जी," तो वाघमारे सरांना म्हणाला, "दात शाळंतच ऱ्हाऊ द्या. अन् हिलाबी."