आमच्या घरातला कीपर

तुम्ही पत्रात विचारलंत, आपल्याकडे कोणी खेळाडू होऊन गेलं का. होऊन गेलं. तुमच्या बाबांचे मामा, म्हणजे माझा थोरला भाऊ, ज्याला आम्ही सगळे अण्णा म्हणत असू, तो फुटबॉलमध्ये गोलकीपर होता. मोठा खेळाडू मात्र नव्हता. धारवाड-हुबळीकडच्या दुसऱ्या-तिसऱ्या दर्जाच्या टीमना जेव्हा जेव्हा कीपर मिळत नसे, तेव्हा तेव्हा अण्णा मिळत असे.

क्रमाने सांगायचं तर आधी कॉलेजची टीम. तिथे तो बहुतेक वेळ बाहेर बसून इतरांचे कपडे सांभाळी. नंतर वकिलांचा क्लब. वकील मंडळी पोट सावरत धावत आणि प्रत्येक गोलावर पंचाशी कायद्याचा वाद घालत. मग पोलिसांची टीम, मग एका गिरणीची. प्रत्येक टीमचा रंग वेगळा, पण आईनं विणलेला लोकरी स्वेटर एकच. टीम बदलली की आई चुलीवर पातेलं चढवी आणि स्वेटर नव्या रंगात बुडवी. पांढऱ्याचा पिवळा झाला, पिवळ्याचा तांबडा, तांबड्याचा जांभळा. शेवटी रेल्वेच्या बी टीमचा निळा रंग त्यावर चढेना, तेव्हा आईनं तो सरळ काळा केला आणि अण्णाला बजावलं, "आता टीम बदलायची नाही. याच्यापुढे रंग नाही."

रेल्वेत अण्णाला वर्कशॉपमध्ये हंगामी कारकुनी मिळाली होती, तीही कीपर हवा होता म्हणून. पगार बेताचा, वय वाढलेलं, आणि लग्न ठरेना. मुलीकडचे लोक यायचे, मुलगा काय करतो विचारायचे, आणि चेंडू अडवतो हे कळलं की चहा पिऊन जायचे. अण्णाला त्याचं एरवी काही वाटत नसे. पण बेळगावला एका लग्नात त्यानं साताऱ्याकडची एक मुलगी पाहिली आणि तेव्हापासून त्याचं जेवणात लक्ष राहिलं नाही. आईनं ते ओळखलं आणि आमच्या मावशीला मध्यस्थीला घातलं. मावशीनं मुलीच्या वडिलांना सांगितलं, मुलगा रेल्वेत कीपर आहे. यात खोटं काहीच नव्हतं. रेल्वेत स्टोअरकीपर असत, टाइमकीपर असत. ऐकणाऱ्यानं काय समजायचं ते समजावं, असा मावशीचा हिशेब.

मुलीचे वडील एका रविवारी सकाळी आमच्याकडे धारवाडला आले. मामलेदार कचेरीतून निवृत्त झालेले अव्वल कारकून, अंगावर बंद गळ्याचा कोट, एका कानानं कमी ऐकू येणारे. आईनं त्यांच्यापुढे चुरमुऱ्यांचा सुसला ठेवला. त्यांनी अण्णाला विचारलं, "कीपर म्हणजे नेमकं कसले?"

"गोलकीपर," अण्णा म्हणाला.

पाहुण्यांचा चेहरा खुलला. मला आधी कळलं नाही का ते.

"जोखमीचं काम," ते म्हणाले. "हातून जातं का कधी?"

"जातं की. जात नाही म्हणणारा खोटं बोलतो. गेल्या शनिवारी पाच गेले."

"पाच? दिवसाढवळ्या?"

"सगळ्यांच्या देखत. लोक टाळ्या वाजवत होते."

पाहुण्यांनी चमचा खाली ठेवला. "आणि साहेब काय म्हणाले?"

"काही नाही. साहेबांना माहीत आहे, पावसात भिजला की जड होतो."

"हे मात्र खरं," पाहुणे मान हलवत म्हणाले. "भिजवून वजन वाढवतात लबाड. कोळशाचा व्यवहारच तसला."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी कॉलेजात इंग्रजी शिकत होते. पाहुण्यांनी 'गोल' ऐकलंच नव्हतं. त्यांनी 'कोल' ऐकलं होतं. त्यांच्या समजुतीनं अण्णा सगळ्या रेल्वेचा कोळसा सांभाळत होता. मी अप्पांकडे पाहिलं. माझे वडील शाळेत व्याकरण शिकवायचे, त्यांनाही समजलं होतं. अण्णा मात्र कोळसा कुठून आला म्हणून आईकडे बघत होता, आणि आई डोळ्यांनी त्याला गप्प बस म्हणत होती.

अप्पांना खोटं चालत नसे, पण पोराचं मोडावं असंही वाटत नव्हतं. सुपारी चघळत ते म्हणाले, "दुपारी हुबळीला त्याचं काम आहेच. चला, डोळ्यांनीच बघा." रविवारीही कामावर जाणारा मुलगा पाहून पाहुणे आणखीच खूश झाले.

अण्णा पुढे गेला. आम्ही तिघं मागच्या गाडीनं हुबळीला पोचलो. मैदानाच्या कडेला उभं राहून पाहुणे कोळशाचे ढीग शोधू लागले. एवढ्यात काळा स्वेटर घालून अण्णा दोन बांबूंच्या मधे जाऊन उभा राहिला.

"ते तिथे काय करतायत?" पाहुण्यांनी विचारलं.

अप्पा त्यांच्या चांगल्या कानाशी वाकले. "गोल. गणपतीतला ग."

परतीची गाडी कधी आहे एवढंच पाहुण्यांनी विचारलं. ती खेळ संपल्यावर होती, म्हणून ते थांबले, नाहीतर अण्णाचं लग्न तिथेच संपलं होतं.

खेळ पोलिसांशी होता. थोड्याच वेळात अण्णाच्या पुढे उभ्या असलेल्या धिप्पाड बॅकनं चेंडू सरळ समोरच्या शिपायाच्या पायात दिला आणि गोल झाला. झाला तो झाला, वर तोच बॅक अण्णावर ओरडला, "कण्ण इल्लेन निनग?" म्हणजे तुला डोळे नाहीत का. अण्णा म्हणाला, "तप्पातु," आणि काट्यांच्या कुंपणातून चेंडू आणायला गेला. दुसऱ्या गोलाला कॅप्टननं झापलं. अण्णा म्हणाला, "तप्पातु." तिसऱ्या वेळी तर चेंडूला पायही न लावलेला एक फॉरवर्ड पार पलीकडून बोलायला आला. त्यालाही तेच उत्तर.

"दर वेळी काय म्हणतात ते?" पाहुण्यांनी मला विचारलं.

"कानडीत म्हणतो, चुकलं."

"त्यांचं चुकलं होतं?"

"एकदाही नाही."

पाहुणे त्यानंतर चेंडूकडे बघेनासेच झाले. ते फक्त अण्णाकडे बघत होते. रेल्वे हरली. अण्णा घामानं निथळत आमच्याकडे आला, मानेवर स्वेटरचा काळा रंग उतरलेला. अप्पांनी त्याला सगळा गोंधळ सांगितला. तेव्हा त्याचा चेहरा असा पडला की पाच गोल खाऊनही मी तसा कधी पाहिला नव्हता. तो पाहुण्यांना म्हणाला, कोळसा नाही, कायम नोकरीही अजून नाही, तुम्ही मुलगी देत नाही म्हणालात तर मी समजून घेईन.

पाहुणे म्हणाले, "माझी मुलगी गुणाची आहे. पण ती आणि तिची आई बोलायला लागल्या की मी मामलेदारांसमोर चळचळा कापलो नाही एवढा कापतो. घरात टिकायचं तर माणसाला काय यावं लागतं, ते मला तीस वर्षांनी कळलं. तुम्हाला आत्ताच येतं. समजा चूक तुमची नाही, आणि बोलणारी थांबत नाही. तरी 'चुकलं' म्हणाल?"

"आधी म्हणतो," अण्णा म्हणाला, "मग चेंडू आणायला जातो."

"मग मुलगी दिली."

अण्णाच्या तोंडात जे होतं तेच बाहेर पडलं. "तप्पातु."

अप्पा घाईघाईनं पुढे झाले आणि म्हणाले, इकडे त्याचा अर्थ 'मान्य आहे' असाही होतो.

"असू दे, असू दे," पाहुणे म्हणाले. "सवय चांगली आहे. मोडू देऊ नका."